दोन ते चारचा पहारा

सोनखांब या गावी दरवर्षीप्रमाणे याही वर्षी अखंड हरिनाम सप्ताह सुरू होता, आणि सप्ताहाच्या पाचव्या दिवशी दुपारी एक वाजून पन्नास मिनिटांनी श्री. सुग्रीव जोगदंड यांनी वीणेच्या पहाऱ्याला जाण्यासाठी पायात चपला घातल्या. ही गोष्ट सत्य आहे. चपला घातल्या होत्या याला त्यांची पत्नी राजनंदिनी साक्षीदार आहे. पुढं जे काही झालं ते चपला घातलेल्या अवस्थेतच झालं, हे सुग्रीवच्या बाजूनं आधीच नोंदवून ठेवलेलं बरं.

चौसाळ्याच्या पुढं हायवे सोडला की आत चार किलोमीटरवर सोनखांब. गावाला दुसरं काही नसेल, पण एक्केचाळीस वर्षांचा सप्ताह आहे. सप्ताहात सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही आणि मुकी होत नाही. एक माणूस वीणा गळ्यात घालून देवापुढं उभा राहतो, रामकृष्णहरी म्हणत तारा छेडत राहतो. दोन तासांनी दुसरा येतो. दोघं एकमेकांना बुक्का लावतात, एकमेकांच्या पाया पडतात, आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. याला पहारा म्हणतात. सात दिवसांचे चौऱ्याऐंशी पहारे. एक्केचाळीस वर्षांत गावानं दोन दुष्काळ पाहिले, तीन सरपंच पाडले, एक बस जाळली. वीणा खाली ठेवली नाही.

पूर्वी या सगळ्याची व्यवस्था धोंडीराम गुरवाकडं होती. तो देवळाच्या भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं नावं लिहायचा. ज्याचा पहारा त्याला आठवण राहिली नाही, तर धोंडीराम लाउडस्पीकरला तोंड लावायचा, "अजिनाथ, झोपलास का मेलास बे? वीण्याला ये!" हे सगळ्या शिवाराला ऐकू जायचं. माणूस धोतर सावरत पळत यायचा. पद्धत शंभर टक्के यशस्वी होती. फक्त तिला प्रतिष्ठा नव्हती.

ती प्रतिष्ठा मागल्या साली सुग्रीवनं आणली. सप्ताह समितीचा सहसचिव या नात्यानं त्यानं 'वीणा पहारा व्यवस्थापन प्रणाली' तयार केली. ती तयार करायला त्याला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत त्याच्या रानातल्या ठिबकच्या नळ्या उंदरांनी खाल्ल्या, पण प्रणालीत रकाने रंगीत होते. पहारा सुरू असेल तर हिरवा, येणार असेल तर पिवळा, कुणी आलंच नाही तर लाल. नियम अकरा होते. त्यातला चौथा असा : येणाऱ्या पहारेकऱ्यानं आपल्या मोबाइलवर 'मी हजर आहे' हे बटण दाबावं, त्यास सहा आकडी कोड प्राप्त होईल, तो कोड गुरवास दाखवल्याखेरीज वीणा हस्तांतरित करण्यात येऊ नये. पाचवा असा : नोंदणी नसलेल्या व्यक्तीस कोणत्याही परिस्थितीत वीणा देण्यात येऊ नये. आणि सहावा : लाउडस्पीकरवरून नावानिशी हाक मारणं हे व्यक्तीच्या खासगीपणाचं उल्लंघन असल्यानं सदर प्रथा बंद करण्यात येत आहे.

धोंडीरामाचा मोबाइल बटनाचा. त्यानं बैठकीत फक्त एवढंच विचारलं, "आन् माणूस आलाच न्हाई तर?"

"तर रकाना लाल होईल," सुग्रीव म्हणाला.

"मंग?"

"मंग सगळ्यांना दिसंल की लाल झालाय."

यावर समितीनं टाळ्या वाजवल्या.

आता एक खुलासा. सुग्रीव आळशी नव्हता. आळशी असता तर ही गोष्टच घडली नसती. आळशी माणूस झोपतो, आणि झोपलेल्याला पाणी मारून उठवता येतं. सुग्रीव कायम कामात असायचा, आणि कामात असलेल्या माणसाला उठवणारा अजून जन्माला यायचा आहे. वीणेबद्दल त्याला प्रेम होतं. आदल्या रात्रीच्या कीर्तनात महाराज काय सुंदर बोलले होते : "वीणा जड नसती, माऊली. दोन किलोचं लाकूड ते. जड असतं ते एका जागी उभं राहणं." सगळा मंडप हेलावला. म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. सुग्रीवनंही मोबाइल उंच धरून ते वाक्य टिपलं, तिथल्या तिथं तीस सेकंदांत कापलं, खाली अक्षरं टाकली आणि चौदा ग्रुपवर पाठवलं. या गडबडीत पुढचं कीर्तन त्याला ऐकू आलं नाही, पण ते साहजिकच होतं.

त्या दिवशी बारा ते दोनचा पहारा आप्पारावांचा होता. आप्पाराव समितीचे अध्यक्ष, वय शहात्तर, सप्ताहाच्या पहिल्या वर्षापासून एकही पहारा न चुकवलेले. सकाळी त्यांनी सुग्रीवला पारावर गाठलं.

"सुग्रीव, माझ्यानंतर तूच हायस. मागल्या साली तू आला न्हाईस आन् ह्या धोंडीरामाला तुझे दोन तास उभं ऱ्हावं लागलं, ते मी विसरलो न्हाई."

"आप्पा, आवंदा दोनला म्हंजे दोनला."

"आरं, मी गंमत न्हाई करायलो. डॉक्टरनं बीपीची गोळी दिलीय, पान्याची. दोन तासाच्या वर मला थांबवत न्हाई. वीणा गळ्यात घेऊन आडोशाला जाता येतंय का, सांग बरं?"

"आप्पा, काळजीच सोडा. मी धा मिनिटं आधी हजर."

आणि खरोखरच एक वाजून पन्नास मिनिटांनी, बरोबर दहा मिनिटं आधी, चपला घालून ओसरीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकत सुग्रीवनं 'मी हजर आहे' हे बटण दाबलं. कोड आला. रकाना हिरवा झाला. स्वतःच केलेली प्रणाली इतकी सुरळीत चालताना पाहून त्याला भरून आलं. घरापासून देऊळ एकशे दहा पावलं. मोबाइलमध्येच मोजून ठेवलेली होती. दहा मिनिटांत एकशे दहा पावलं म्हणजे हातात आठ मिनिटं शिल्लक. आठ मिनिटं वाया घालवणं हे त्याच्या स्वभावात नव्हतं.

त्याला वाटलं, आपण वीणा धरणार तर ती शास्त्रशुद्ध धरली पाहिजे. म्हणून त्यानं शोधलं : वीणा कशी धरावी. व्हिडिओ चौदा मिनिटांचा होता. तो दीडपट वेगानं लावला, म्हणजे वेळ वाचला. त्यात बोटं कशी ठेवावीत हे शेवटी सांगणार होते; सुरुवातीला वीणेचा भोपळा कसा निवडावा हे सांगितलं. ही माहिती सुग्रीवला नवीन होती. गावानं एक्केचाळीस वर्षं वीणा धरली, पण भोपळ्याचा विचार एकानंही केला नव्हता! मग ओघानंच दुसरा व्हिडिओ : वीणेसाठी भोपळा कसा वाळवावा. तिसरा : असा भोपळा कोणत्या जमिनीत येतो. मुरमाड, निचऱ्याची जमीन. सोनखांबला दुसरी जमीनच नाही.

सुग्रीव खुर्चीत ताठ बसला. आपल्या पायाखाली काय दडलंय हे एखाद्या गावाला एका क्षणात कळतं, तसं झालं. त्यानं ताबडतोब 'सोनखांब वीणा-भोपळा उत्पादक गट' स्थापन केला आणि त्रेसष्ट जणांना न विचारता त्यात घेतलं. अकरा जण लगेच बाहेर पडले. बाकीच्यांनी जोडलेले हात पाठवले.

"आवो," आतून राजनंदिनी म्हणाली, "दोन वाजून गेले की."

"निघालोच."

"चपला घालून बसलाव कावून मंग?"

"अगं, निघालोय म्हणून तर घातल्यात!"

या उत्तरात चूक काढता येण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती भाकरीकडं वळली.

गट झाला की अनुदान पाहावं लागतं. सुग्रीव शासनाच्या संकेतस्थळावर गेला. संकेतस्थळानं आधी तो माणूस असल्याचा पुरावा मागितला आणि नऊ चित्रं दाखवून वाहतुकीचे सिग्नल कोणत्या चित्रात आहेत ते ओळखायला सांगितलं. सोनखांबात सिग्नल नाही; तो लाल दिवा पाहायला बीडला जावं लागतं. सुग्रीव तीन वेळा माणूस नाही असं ठरला. चौथ्या वेळी ठरला. मग पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो मागितला. त्यानं राजनंदिनीला पांढरी चादर धरून मागं उभं केलं.

"वर धर. आणखी वर. हात नको दिसायला."

"आप्पा तिकडं उभे असतील हो. सत्तर-पंच्याहत्तरचा माणूस."

"आप्पांचीच तर सेवा चाललीय. उद्या वीणा मोडली तर भोपळा कुठून आणायचा, हा विचार कुणी केलाय?"

"वीणा मोडायलीय का?"

"न्हाई. पण पुढचं बघावं लागतं. चादर वाकडी झाली."

दोन वाजून पस्तीस मिनिटं झाली. फोटो आकारानं मोठा असल्यामुळं नाकारण्यात आला. तो लहान करणारं दुसरं संकेतस्थळ उघडत असताना सुग्रीवचं लक्ष थेट प्रक्षेपणाकडं गेलं.

हेही त्यानंच सुरू केलं होतं. देवळात एका खांबाला जुना मोबाइल बांधून वीणेचा पहारा चोवीस तास जगाला दिसेल अशी सोय केली होती. सकाळी कुणीतरी आवाज किंचाळतोय अशी तक्रार केली, म्हणून त्यानं आवाज बंद करून ठेवला होता. एरवी पाच-सात जण बघायचे. आता एकशे अठरा होते.

पडद्यावर आप्पाराव होते. गळ्यात वीणा. पण आप्पाराव नेहमीसारखे नव्हते. नेहमी ते खांबासारखे उभे राहत. आज ते डोलत होते. एका पायावरून दुसऱ्या पायावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर, मधूनच दोन्ही गुडघे घट्ट जुळवून टाचांवर उचलत होते. बोटं तारांवर विजेसारखी चालली होती. कपाळावरून घाम गळत होता. डोळे वर लागले होते, आणि डोळ्यांत पाणी होतं.

खाली मजकूर धावत होता.

"काय तल्लीन झालेत आप्पा!"

"भाव बघा भाव."

"असं रूप चाळीस वर्षांत पाहिलं न्हाई."

"आम्ही पुण्यात आहोत पण मन तिथंच आहे."

चकलांब्याच्या एका मामांनी लिहिलं होतं, "शरीर सोडून गेलाय माणूस, आता देव आणि ते."

सुग्रीवच्या अंगावर काटा आला. खरं सांगायचं तर लिहिणाऱ्यांपैकी निम्मे लोक देवळापासून हाकेच्या अंतरावर होते. पंगत जेवून, पंखे लावून, उशा घेऊन, आपापल्या घरी आडवे पडून ते देवळात होते. एकही माणूस उठून देवळात आला नाही. इतकं स्पष्ट दिसत असताना कोण येईल?

शहानिशा न करता काही पसरवायचं नाही, हे सुग्रीवचं तत्त्व. त्यानं अष्टसात्त्विक भाव कोणते ते शोधून काढलं आणि एकेक पडताळून पाहिला. स्वेद, म्हणजे घाम : आहे. कंप : आहे, कमरेखाली विशेष. अश्रू : आहेत. रोमांच : कॅमेरा लांब आहे, पण असावेत. वैवर्ण्य, म्हणजे चेहऱ्याचा रंग उडणं : पूर्ण उडालेला आहे. स्तंभ, म्हणजे ताठरणं : अधूनमधून, टाचा जुळवतात तेव्हा. स्वरभंग : आवाज बंद असल्यानं सांगता येत नाही, परंतु तोंड ज्या प्रकारे उघडतंय त्यावरून आहे. आठवा भाव प्रलय, म्हणजे शुद्ध हरपणं. तो अजून झाला नव्हता. पण आप्पारावांचा चेहरा पाहता लांब नव्हता.

आठपैकी सात. त्यानं याचा तक्ता केला, शेजारी आप्पारावांचा फोटो लावला, भोवती झेंडूची महिरप टाकली आणि सगळीकडं पाठवला. पाहणारे तीनशे झाले.

तेवढ्यात धोंडीरामाचा फोन आला. फोन आला की पडद्यावरचं सगळं थांबतं. सुग्रीवनं तो कापला. परत आला. परत कापला. तिसऱ्या वेळी 'मी बैठकीत आहे, नंतर संपर्क साधतो' असा तयार संदेश धाडला. बटनाच्या मोबाइलवाल्या माणसांना जरा म्हणून दम नसतो, असं त्याला वाटलं. शिवाय धोंडीरामाला मराठी संदेश चौकटी-चौकटी दिसत, हे त्याच्या लक्षात राहिलं नाही.

शारजात कामाला असलेल्या नाथानं लिहिलं, "सुग्रीवभाऊ, आप्पा काईतरी म्हनायलेत. आवाज येत न्हाई."

सुग्रीवनं उत्तर दिलं, "तांत्रिक काम प्रगतिपथावर आहे. तोवर भाव पाहावा."

"तोंड लई मोठं उघडायलेत."

"नामस्मरण आहे."

"सु... सुग्रीव म्हनायलेत का?"

यावर कुणीतरी ताईंनी नाथाला फटकारलं, अशा प्रसंगी शंका काढू नये. नाथानं क्षमा मागितली आणि जोडलेले हात पाठवले.

मग पुण्याच्या एका भाविकानं देवळाचा पत्ता विचारला. सुग्रीवनं नकाशा उघडला, तर देऊळ चक्क अजिनाथच्या विहिरीत! एक्केचाळीस वर्षांची परंपरा आणि जगाच्या नकाशावर ती विहिरीत बुडालेली. हे सोडून उठणं त्याच्या मनाला पटेना. त्यानं देऊळ विहिरीतून काढलं, जागेवर बसवलं, दुरुस्ती पाठवली, देवळाला पाच तारे दिले आणि अभिप्राय लिहिला : "अत्यंत शांत ठिकाण. वीणेचा पहारा चोवीस तास. मी स्वतः सेवा देतो." तीन वाजून दहा मिनिटं झाली.

राजनंदिनी हात पुसत बाहेर आली. नवऱ्याच्या खांद्यावरून तिनं पडद्याकडं पाहिलं, आणि ती पाहतच राहिली. दोन लेकरं वाढवलेली बाई ती.

"आवो, ह्यांना..."

"भाव आहे," सुग्रीव हळू आवाजात म्हणाला. "आठपैकी सात."

"भाव कशाचा! आपला लहाना शाळेतून पळत येतो आन् संडासाची कडी लागलेली असती, तवा असाच करतो."

"राजनंदिनी, सप्ताहात असं बोलू नये."

"मंग तुमी जावा की!"

"एवढी दुरुस्ती मंजूर झाली की निघालोच."

पडद्यावर आता धोंडीराम आला. त्यानं कॅमेऱ्याच्या इतकं जवळ तोंड आणलं, की पडदाभर नाक आणि चार दात दिसले. तो काहीतरी ओरडत होता, कपाळावर हात मारत होता, आप्पारावांकडं बोट दाखवत होता. "गुरवबाबाही रंगले!" असा मजकूर आला. पाहणारे चारशे सत्तर.

धोंडीरामानं वीणा स्वतःच का घेतली नाही, असं कुणी विचारील. मागल्या साली घेतली होती. त्याबद्दल त्याला समितीसमोर समज देण्यात आली होती, की व्यक्तीनं नव्हे, व्यवस्थेनं काम केलं पाहिजे. शिवाय नियम चौथा आप्पारावांच्याच सहीचा होता, आणि कोड सुग्रीवच्या मोबाइलात होता. सही केलेला माणूस सही मोडायला तयार नव्हता. जुनी माणसं अशीच. नियम करणारे वेगळे असतात, पाळणारे वेगळे.

आणि मग पडद्यात एक शेळी आली.

तिच्यामागं दुसरी आली. दोघींनी खांबाला बांधलेला मोबाइल हुंगला. त्यांच्यामागून हातात काठी आणि रिकामी कळशी घेऊन भिवराबाई आली. भिवराबाई गावाबाहेरच्या वस्तीवरची, शेरडं राखणारी, साठीची बाई. दुपारी देवळाच्या हौदावर जनावरांना पाणी दाखवायला तिचं रोजचं येणं. तिच्याकडं मोबाइल नाही, त्यामुळं आप्पारावांना भाव झाल्याचं तिला कळलेलं नव्हतं. तिनं नुसतं माणसाकडं पाहिलं. जन्मभर मुक्या जनावरांत काढलेल्या बाईला कुणाला काय झालंय ते उभं राहण्यावरून कळतं.

तिनं कळशी ठेवली. पदर खोचला. हौदावर हात धुतले. आप्पारावांना वाकून नमस्कार केला आणि दोन्ही हात पुढं केले.

आप्पारावांनी धोंडीरामाकडं पाहिलं. धोंडीरामानं देवाकडं पाहिलं. देवानं कोड मागितला नाही.

वीणा भिवराबाईच्या गळ्यात गेली. तार एकदाही थांबली नाही. आणि शहात्तर वर्षांचे आप्पाराव देवळाच्या पायऱ्या अशा काही वेगानं उतरले, की पडद्यातून धोतराचं फक्त टोक गेलेलं दिसलं.

मजकुराचा पूर लोटला.

"धावले! धावले!"

"साक्षात दर्शन झालं असणार!"

"देवानं हाक मारली, आप्पा निघाले!"

"कुणीकडं धावले?"

"चिंचेकडं."

"चिंचेखाली पादुका आहेत का?"

"असतील. शोधा."

पाहणारे नऊशे झाले. सुग्रीवनं तो धावण्याचा तुकडा कापला, वेग निम्मा केला, मागं बासरी घातली, 'भेटीलागी धाव' असं नाव दिलं आणि चढवायला लावला. आणि मग त्याची नजर पुन्हा पडद्याकडं गेली, आणि तो ताडकन उभा राहिला.

दोन वाजल्यापासून जे कोणालाही जमलं नव्हतं, ते आता झालं. आप्पारावांच्या घामानं, धोंडीरामाच्या फोननं, बायकोच्या बोलण्यानं जो माणूस हलला नव्हता, तो उठून पळत सुटला. कारण वीणा नोंदणी नसलेल्या व्यक्तीच्या गळ्यात होती. नियम पाचवा!

एकशे दहा पावलं त्यानं साठ पावलांत संपवली. डोळे मोबाइलवर, कारण तुकडा अजून चढत होता. तसाच पायऱ्या चढून तो आत शिरला.

"चपला!" धोंडीराम ओरडला.

सुग्रीवनं खाली पाहिलं. पायात चपला होत्या. एक पन्नासपासूनच होत्या. त्यानं त्या पायऱ्यांवर भिरकावल्या.

"धोंडीबा, हे काय चाललंय? हिची नोंदणी झालीय का?"

"तुझी झाल्ती की," धोंडीराम म्हणाला. "काय उपेग झाला?"

भिवराबाईनं तोंडानं नाम आणि बोटांनी तार चालूच ठेवली होती. एक शेळी वृंदावनातली तुळस शांतपणे संपवत होती. इतक्यात मागच्या दारानं आप्पाराव आले. चेहऱ्यावर अशी शांती होती, की कुणी पाहिलं असतं तर आठवा भावही मोजला असता. पण कॅमेऱ्यापुढं शेळी होती.

"सुग्रीव," आप्पाराव सावकाश म्हणाले, "कुठं व्हतास बाबा?"

"आप्पा, वीणेच्याच कामात होतो. दोनपासून एक मिनिट दुसरं काही केलं न्हाई. भोपळा, अनुदान, नकाशा..."

"मी धा येळा हाक मारली तुला. त्या डबड्याकडं तोंड करून मारली."

"आम्हाला वाटलं, भाव आहे."

"भाव न्हाई बे," आप्पाराव म्हणाले, "लघवी!"

वीणा वाजतच होती.

आप्पाराव मग मऊ झाले. कीर्तनं ऐकून ऐकून मऊ झालेला माणूस तो. राग त्यांच्याकडं फार वेळ मुक्कामाला राहत नसे. त्यांनी बुक्क्याची वाटी उचलली. "झालं ते झालं. आजून येळ हाय तुझ्या पहाऱ्याचा. सव्वातीन झालेत. त्या माउलीला मोकळं कर."

"घे रं बाबा," भिवराबाई म्हणाली. "मला काय, मी उभी ऱ्हाईन. पर माझी शेरडं तुळशीला लागलीत, देवाच्या हाताखालचं खायलीत, मला पाप लागंल."

तिनं वीणा गळ्यातून अलगद वर उचलून पुढं केली. आप्पारावांनी बुक्क्याचं बोट सुग्रीवच्या कपाळाजवळ नेलं.

वीणा घ्यायला दोन हात लागतात. सुग्रीवचा उजवा हात रिकामा होता. डाव्या हातात मोबाइल होता. त्यावर तुकडा चढत होता, सत्त्याण्णव टक्के झाला होता. मोबाइल खिशात घातला, की पडदा विझतो. पडदा विझला, की चढणं थांबतं. थांबलं, की पहिल्यापासून. कुणाच्या तरी हातात द्यावा, तर धोंडीरामाच्या बोटानं काहीही दाबलं जाईल. खाली ठेवावा म्हणून तो किंचित वाकलाही. पण त्याच्यानं ठेववेना. एक्केचाळीस वर्षांत त्या गावात वीणा जमिनीला टेकलेली नाही, आणि नऊ वर्षांत सुग्रीवचा मोबाइल.

"एक मिनिट, मावशी," तो म्हणाला. "एवढं होऊ दे. घेतोच."

भिवराबाईनं वीणा परत गळ्यात अडकवली आणि तार चालू ठेवली. प्रणालीच्या नोंदीत दोन ते चारचा पहारा श्री. सुग्रीव जोगदंड यांनी नियोजित वेळेपूर्वी दहा मिनिटं हजर राहून पूर्ण केला असून रकाना शेवटपर्यंत हिरवा आहे. आक्षेप असल्यास लिंकवर नोंदवता येतो.

ती बाई मात्र अजून उभी आहे. सुग्रीवला हसायला तुम्ही मोकळे आहात, मंडळी. इथपर्यंत हसलातही असाल. फक्त तेवढं एक आठवून बघा : मघाशी ही गोष्ट वाचत भोपळ्यापाशी होतात, तेव्हा आतून कुणीतरी तुम्हाला हाक मारली होती. तुम्ही "आलोच, एवढं वाचून होऊ दे" म्हणालात. त्या माणसाच्या हातात काय होतं, ते विचारायचं राहूनच गेलं.